त्वचेचा रंग कोणत्या पेन्सिलीत असतो?

पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून पाहा. घरातला भिंतीवरचा आरसा, साबणाचा कोरडा तुकडा आणि मोजपट्टी एवढे साहित्य त्याला पुरते. आरशासमोर हातभर अंतरावर ताठ उभे राहा आणि एक डोळा मिटा. आरशात दिसणाऱ्या आपल्या डोक्याच्या अगदी वरच्या टोकाशी काचेवर साबणाची एक खूण करा, दुसरी खूण हनुवटीच्या टोकाशी करा. तेवढा वेळ मान हलू देऊ नका. आता बाजूला होऊन दोन खुणांमधले अंतर मोजायचे आहे. पण मोजण्यापूर्वी ते किती भरेल याचा अंदाज वहीत लिहून ठेवा.

बहुतेक जण डोक्याच्या उंचीइतका, म्हणजे वीस-बावीस सेंटिमीटरचा अंदाज लिहितात. पट्टी मात्र दहा-अकरा सेंटिमीटर दाखवते. बरोबर निम्मे! तुम्ही म्हणाल, आरशापासून दूर उभे राहिलो की हे अंतर बदलेल. तेही करून पाहा. मित्राला आरशाच्या बाजूला उभे करा, तुम्ही चार पावले मागे जा आणि त्याला सांगून खुणा करून घ्या. अंतर तेवढेच भरेल. याचे कारण तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. आपली प्रतिमा आरशामागे आपल्याइतक्याच अंतरावर असते. म्हणजे डोळा आणि प्रतिमा यांच्या बरोबर मध्यावर आरशाची काच येते. समरूप त्रिकोणांच्या नियमाने त्या काचेवर प्रतिमेने अडवलेली जागा प्रतिमेच्या निम्मी असणार.

भूमिती सोपी आहे. नवल वाटावे ते दुसऱ्याच गोष्टीचे. जन्मभर रोज सकाळी आरशात पाहूनही ही गोष्ट आपल्या ध्यानात आलेली नसते. डोळ्यांवर जे उमटते त्याचा मेंदू तत्काळ अर्थ लावतो, आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो अर्थ. 'हा माझा चेहरा, तो एवढा मोठा आहे', हे मेंदूला आधीच ठाऊक असते. रस्ता ओलांडताना, गर्दीत आई शोधताना ही सवय फार उपयोगी पडते. पण समोर माणूस बसवून त्याचा चेहरा कागदावर काढायला घ्या, की हीच सवय आडवी येते. मी हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. आजीने शिकवले.

चित्रकला मी कोणापाशी शिकलेलो नाही. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली होती एवढेच. त्या परीक्षेत वस्तुचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काढायचा नसतो. तो नाद मला पुढे, हायस्कुलात विज्ञान शिकवू लागल्यावर लागला. एका मे महिन्याच्या सुटीत पुतण्याची बारा रंगीत पेन्सिलींची पेटी घेतली आणि आजीला ओसरीवर बसवले. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. रंग सावळा, केस पांढरेशुभ्र, कपाळावर आठ्यांचे जाळे. दोन दुपारी खपून मी चित्र पुरे केले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "अरे, ही मडमीण कोण काढलीस?"

मला वाईट वाटले, पण आजीचे खोटे नव्हते. चित्रात दोन चुका होत्या, एक ठेवणीची आणि एक रंगाची. दोन्ही चुका नवशिक्याच्या हातून हटकून होतात. त्यांच्या मुळाशी काय आहे ते पाहू.

डोळे कपाळात गेले

आधी ठेवणीची चूक. पट्टी घ्या आणि शेजारच्या मित्राच्या डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचे अंतर मोजा. मग डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचे मोजा. डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर असलेले आढळतील. आता वर्गातल्या कोणालाही न मोजता एक चेहरा काढायला सांगा. दहांतल्या आठ-नऊ चित्रांत डोळे वर, कपाळात सरकलेले दिसतील. माझ्या चित्रात आजीचेही तसेच झाले होते. असे का व्हावे? आपण माणसाकडे पाहतो ते त्याचे डोळे, नाक आणि तोंड यांच्याकडे. बोलणे, राग, हसू, सारे तेथेच उमटते. कपाळ आणि डोक्याचा घुमट यांत पाहण्यासारखे काही घडत नाही, म्हणून मेंदू त्या भागाला कमी महत्त्व देतो आणि हात त्याला कमी जागा देतो.

चेहऱ्यांच्या बाबतीत मेंदूची ही ढवळाढवळ फारच जास्त असते. मेंदूच्या खालच्या बाजूला एक लहानसा भाग असा आहे, की तो इतर वस्तूंपेक्षा चेहरे पाहताना अधिक काम करतो. नॅन्सी कॅनविशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली तो दाखवून दिला. चेहरा आपण सुटे सुटे अवयव जोडून ओळखत नाही, एकदम ओळखतो. १९८० साली इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्प्सन यांनी एक गमतीचा प्रयोग केला. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातले डोळे आणि तोंड त्यांनी कापून जागच्या जागी उलटे चिकटवले. ते छायाचित्र सरळ धरले तर चेहरा भेसूर दिसतो. पण सबंध छायाचित्र खाली डोके वर पाय असे धरले, तर त्यात काही बिघडले आहे असे चटकन लक्षातही येत नाही. चेहरा उलटा झाला की तो एकदम वाचण्याची मेंदूची खुबी चालेनाशी होते.

आपल्याला जो अडथळा वाटतो तो असा दूर करता येतो. एखादे छायाचित्र पाहून चेहरा काढत असाल तर छायाचित्र उलटे ठेवा आणि कागदावरही उलटाच चेहरा काढा. मग 'नाक' दिसत नाही. एक तिरपी कड, तिच्या शेजारी अमुक आकाराची गडद जागा, एवढेच दिसते. ही युक्ती बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेच्या १९७९ सालच्या पुस्तकामुळे जगभर पसरली. मेंदूच्या उजव्या आणि डाव्या भागांची जी कारणमीमांसा तिने दिली होती, ती तितक्या सोप्या रूपात आज कोणी शास्त्रज्ञ मानत नाही. युक्ती मात्र चालते. कारण चुकीचे आणि उपाय बरोबर, असे विज्ञानात पुष्कळदा घडलेले आहे.

येथे छायाचित्राविषयी एक इशारा देऊन ठेवतो. मोबाइल हातात धरून जवळून काढलेल्या छायाचित्रावरून चेहरा काढू नका. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर सुमारे १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर आला. म्हणजे कानाच्या मानाने नाक ४२ भागिले ३०, सुमारे १.४ पट मोठे उमटणार. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला तर हे प्रमाण १६२ भागिले १५०, म्हणजे फक्त १.०८ राहते. नाक तेच, चूक अंतराची. म्हणून छायाचित्र घेणाराला पाच-सहा फूट दूर उभे करावे.

'स्किन' नावाची पेन्सिल

आता रंग. पुतण्याच्या पेटीतल्या एका पेन्सिलीवर इंग्रजीत 'स्किन' असे छापलेले होते. फिकट गुलाबी, किंचित पिवळसर. मी विज्ञानाचा शिक्षक. पण पेन्सिलीवर 'त्वचा' लिहिले आहे म्हणून ती आजीच्या सावळ्या चेहऱ्यावर फिरवली, आणि समोर बसलेल्या आजीकडे एकदाही नीट पाहिले नाही! हा दोष माझ्या एकट्याचा नाही. क्रेयोला या अमेरिकन कंपनीच्या पेटीत असाच एक खडू होता. त्याचे नाव 'फ्लेश', म्हणजे अंगकांती, असे होते. १९६२ साली ते बदलून 'पीच' ठेवण्यात आले. जगातल्या निरनिराळ्या त्वचांसाठी २४ खडूंची वेगळी पेटी त्या कंपनीने काढली ती २०२० मध्ये. आपल्याकडच्या मुलांनी मात्र स्वतःचे आणि आईवडिलांचे चेहरे त्या गुलाबी पेन्सिलीने किती रंगवले असतील याची गणती नाही. माझ्या वर्गात आजही रंगवतात.

पण पेटीत चोवीस काय, शंभर तपकिरी पेन्सिली असल्या तरी त्यांतली एकही 'त्वचेचा रंग' नव्हे. कारण त्वचा भिंतीसारखी रंगवलेली नसते. प्रकाश तिच्यावर पडतो तेव्हा त्याचा थोडा भाग वरूनच परावर्तित होतो आणि बाकीचा आत शिरतो. वरच्या थरात मेलॅनिन हे तपकिरी द्रव्य आहे. ते लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश अधिक शोषते. त्याखालच्या थरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे; त्यांतले हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश शोषते, लाल बराचसा सोडून देते. आत शिरलेला प्रकाश तंतूंवर आपटून सगळीकडे विखुरतो (यालाच विकिरण म्हणतात) आणि गाळून उरलेला भाग बाहेर पडून आपल्या डोळ्यांत येतो. रात्री खोली अंधारी करून बॅटरीच्या काचेवर तळहात ठेवा. बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या लाल दिसतील.

हाच लालिमा एका मराठी चित्रकाराने जलरंगात पकडला आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहात सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र आहे. एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताने तिने ज्योत झाकली आहे. त्या झाकणाऱ्या हाताची बोटे आतून उजळल्यासारखी तांबडी दिसतात. दिवा काढणे फारसे अवघड नाही. बोटांच्या आरपार येणारा प्रकाश काढणे अवघड.

चेहऱ्यावर हे दोन थर सगळीकडे सारखे नसतात. नाकाचा शेंडा, गाल आणि कानाच्या पाळ्या यांत रक्त जवळ असते, म्हणून तेथे तांबूसपणा अधिक. कपाळावर पिवळट-तपकिरी छटा अधिक. आणि कपाळावर किंवा नाकाच्या दांड्यावर जी चकाकी दिसते ती तर त्वचेच्या रंगाची नसतेच. तो वरच्यावर परतलेला प्रकाश असतो, म्हणून त्याला दिव्याचाच रंग असतो. पिवळ्या बल्बखाली चकाकी पिवळट, आणि ओसरीवर आभाळाच्या उजेडात निळसर. गोऱ्या त्वचेत ही चकाकी पुष्कळशी मिसळून जाते. सावळ्या त्वचेतून येणारा प्रकाश कमी, म्हणून तेथे ती उठून दिसते. आजीच्या गालाच्या उंचवट्यावर आकाशाचा निळा ठिपका होता, हे मला दुसऱ्या खेपेला दिसले. 'दिसले' म्हणतो खरे, पण त्यासाठी एक साधन वापरावे लागले. काळ्या पुठ्ठ्याला पंचने भोक पाडा आणि त्यातून चेहऱ्याचा एकेक भाग पाहा. भोकातून नाक-डोळे दिसत नाहीत, फक्त रंगाचा ठिपका दिसतो. डोळ्यांचा 'पांढरा' भाग या भोकातून पाहाल तर तो करडा निघतो, दातही तसेच. पांढरी पेन्सिल तेथे फिरवली की चित्रातला माणूस दचकल्यासारखा का दिसतो, हे मग कळते.

कागदातले डोंगर

पाहिलेले रंग कागदावर आणायचे तर हातातले साधन काय आहे हेही कळायला हवे. साध्या शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट आणि माती असते, आणि ती कांडी १००० अंश सेल्सियसच्या आसपास भाजलेली असते. रंगीत पेन्सिलीची कांडी अशी भाजता येत नाही. रंगच जळून जाईल. तिच्यात रंगद्रव्य, भर म्हणून पांढरी माती किंवा शंखजिरे, ते बांधून ठेवायला डिंकासारखा पदार्थ आणि कागदावर घसरायला मेण किंवा तेल असते. मेणामुळे ती उष्णतेला हळवी असते. माझ्या पेन्सिली मे महिन्यात लोण्यासारख्या चालतात आणि डिसेंबरच्या सकाळी कुरकुरतात.

भिंगातून कागद पाहा. कागद म्हणजे एकमेकांवर पडलेले तंतू. त्यांचे उंचवटे आणि खळगे तुम्हाला दिसतील. हलक्या हाताने पेन्सिल फिरवली तर मेणमिश्रित रंग उंचवट्यांवरच बसतो, खळगे पांढरे राहतात. म्हणून पहिला थर नेहमी फिका आणि रवाळ दिसतो. नवशिक्या येथे घाई करतो आणि जोराने दाबतो. त्याने उंचवटे चेपतात, मेणाचा गुळगुळीत लेप तयार होतो आणि त्यावर पुढचा रंग चढतच नाही, घसरतो. त्याऐवजी टोक धारदार ठेवून हलक्या हाताने पाच-सहा थर द्यावेत, प्रत्येक थराची दिशा बदलावी. खळगे हळूहळू भरतात.

थर पातळ असल्याने ते काहीसे पारदर्शक राहतात. वरच्या थरातून प्रकाश खाली जातो, खालच्यातून कागदापर्यंत जातो आणि परत येतो. प्रत्येक थर आपापला वाटा शोषून घेतो. पिवळ्यावर निळा दिला की हिरवा दिसतो तो यामुळे. त्वचेत जे घडते तेच थोडक्यात येथे घडते आहे हे तुमच्या लक्षात आले असेल. वर एक थर, खाली एक थर, आणि दोहोंतून गाळून येणारा प्रकाश. म्हणूनच त्वचा काढायला हे साधे माध्यम चांगले, असे माझे मत आहे. दुसऱ्या चित्रात आजीच्या चेहऱ्यावर मी आधी पिवळ्या मातीचा रंग दिला, त्यावर गेरूसारखा तांबडा, मग तपकिरी; गालांवर, नाकावर आणि कानांवर गुलाबी-लाल; सावलीच्या बाजूला जांभळा आणि थोडा हिरवा. हिरवा ऐकून हसू नका. लालावर हिरवा पडला की तो लालाला मंद करून तपकिरीकडे नेतो.

काळी पेन्सिल मात्र चेहऱ्यावर फिरवू नका. काळा रंग सगळे रंग सारखेच गिळतो आणि सावली राखेसारखी दिसते. खरी सावली तशी नसते. नाकपुडीत किंवा कानाच्या घडीत शिरलेला प्रकाश त्वचेवर दोन-तीनदा आपटून बाहेर येतो. समजा, एका आपटण्यात त्वचा लाल प्रकाशाचा ४० टक्के आणि निळ्याचा १५ टक्के भाग परत पाठवते. दोनदा आपटल्यावर लाल १६ टक्के उरला, निळा सव्वादोन टक्केच. पहिल्या वेळी लाल निळ्याच्या पावणेतीनपट होता, आता सातपट झाला. म्हणजे घडी जितकी खोल तितकी काळोखी, पण तितकीच लालसरही. आजीच्या आठ्या मी पहिल्या चित्रात काळ्या रेघांनी काढल्या होत्या. आठी ही रेघ नसते, ती लहानशी दरी असते. तिचा एक उतार उजेडात असतो, दुसरा सावलीत, आणि तळ तांबूस.

पांढऱ्या केसांनी तर मला रडकुंडीला आणले. रंगीत पेन्सिलीतला पांढरा गडद रंगावर बसत नाही. कागदाचा पांढराच राखून ठेवावा लागतो, आणि केसाइतकी बारीक जागा सोडणार कशी? शेवटी शाई संपलेले बॉलपेन कामी आले. रंग देण्यापूर्वी त्याने कागदावर दाबून केसांच्या रेषा ओढल्या. मग वरून करडी पेन्सिल आडवी फिरवली. ती उंचवट्यांवरच बसते, दाबलेल्या चऱ्या पांढऱ्या राहतात. करून पाहा, फार गंमत वाटते.

शेजारच्या रंगाचा हात

एवढे करूनही चेहरा फिकाच राहत होता. भोकातून पाहिलेला तपकिरी मी कागदावर दिला, की तो भलताच काळपट वाटे आणि मी हात आखडता घेई. याचे उत्तर फ्रान्समध्ये फार पूर्वी मिळालेले आहे. पॅरिसच्या गोबलाँ या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचा प्रमुख होता. तेथील काळ्या लोकरीला पुरेसा जोर नाही, अशी तक्रार आली. शेव्रलने तपासले तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो काळा तसा दिसत होता. शेजारचे रंग एकमेकांचे रूप कसे बदलतात याचे नियम त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडले. कोऱ्या पांढऱ्या कागदावरचा तपकिरी ठिपका त्या पांढऱ्यामुळे होता त्यापेक्षा गडद वाटतो. म्हणून आधी चेहऱ्यामागची गडद भिंत, लुगड्याचे काठ असे भाग थोडे भरून घ्या, म्हणजे चेहऱ्याला किती रंग हवा याचा खरा अदमास येतो.

कपाळाच्या बाजूला किंवा हातावर दिसणाऱ्या शिरांचेही असेच आहे. त्या निळ्या दिसतात, पण निळी पेन्सिल उचलू नका. १९९६ साली काही संशोधकांनी शिरांवरच्या त्वचेतून परत येणारा प्रकाश मोजला, तेव्हा तेथूनही निळ्यापेक्षा लाल प्रकाशच जास्त येतो असे आढळले. शेजारच्या त्वचेच्या मानाने तो लाल कमी, एवढाच फरक. निळेपणा तुलनेतून निर्माण होतो. तपकिरीवर करड्याचा एक हलका हात दिला की शीर आपोआप निळसर दिसू लागते.

दुसऱ्या चित्राला तीन आठवडे लागले. आजी कंटाळे, जपमाळ घेऊन बसे, मध्येच डुलकी घेई. चित्र पुरे झाल्यावर तिने पूर्वीसारखाच चष्मा लावला, पूर्वीसारखाच वेळ घेतला आणि म्हणाली, "अरे, माझ्या कुड्या कुठे गेल्या?" कुड्या काढायच्या राहिल्याच होत्या. पण या वेळी 'ही कोण' असे तिने विचारले नाही.

आजी आजारी दिसू लागली

ते चित्र चौकटीत बसवून ओसरीच्या भिंतीवर, खिडकीसमोर लावले. पुढच्या वर्षी आजी गेली. चित्र तेथेच राहिले. सात-आठ वर्षांनी बहीण माहेरपणाला आली आणि चित्रापाशी थांबून म्हणाली, "दादा, आजी अशी पिवळी, आजारी दिसायची का रे?" मी रोज पाहत होतो, म्हणून मला कळले नव्हते. चौकट उघडली. कडेच्या पुठ्ठ्याखाली मानेचा बोटभर पट्टा झाकलेला होता. तो अजून उबदार, तांबूस होता. पुठ्ठ्याच्या बाहेर, उजेडात राहिलेल्या भागातला सगळा गुलाबी-लाल उडून गेला होता. उरले होते पिवळी माती, तपकिरी आणि थोडा हिरवा.

रंग उडतो म्हणजे काय होते? रंगद्रव्याचा रेणू प्रकाश शोषतो म्हणूनच तो रंगीत दिसतो. पण शोषलेली ऊर्जा कधी कधी रेणूतला एखादा बंध तोडते, कधी हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्रिया घडवते, आणि मोडलेला रेणू मग तो रंग शोषत नाही. पुष्कळसे झगझगीत गुलाबी आणि जांभळे रंग अशा नाजूक कार्बनी रेणूंचे असतात. शिवाय फिकट पेन्सिलीत रंगद्रव्य थोडे आणि पांढरी भर जास्त, म्हणून ते लवकर उघडे पडतात. गेरू आणि पिवळी माती यांची गोष्ट निराळी. ती लोहाची संयुगे, ऑक्सिजनशी आधीच पुरती जोडली गेलेली. अजिंठ्याच्या भिंतींवर ती शतकानुशतके टिकली आहेत, ती काही केवळ लेण्यांतल्या अंधारामुळे नव्हे. आणि चौकटीच्या काचेवर विसंबू नका. साधी काच अतिनील किरणांपैकी काहीच अडवते, आणि झळझळीत दृश्य प्रकाशही रंग उडवतो.

चित्रकारांसाठी बनवलेल्या महागड्या पेन्सिलींवर बहुधा ताऱ्यांसारख्या खुणांनी रंगाचा टिकाऊपणा दाखवलेला असतो. शाळेच्या पेटीवर तो नसतो. पण तो तुम्हाला घरी तपासता येतो. जाड ड्रॉइंग पेपरची पट्टी घ्या, प्रत्येक पेन्सिलीचा एकेक चौकोन नीट भरा, शेजारी नाव आणि तारीख लिहा. पट्टीचा अर्धा भाग लांबीच्या बाजूने ॲल्युमिनियमच्या कागदाने घट्ट झाकून ती उन्हाच्या खिडकीत लावा. महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी झाकण काढून दोन्ही अर्ध्या भागांची तुलना करा आणि नोंद ठेवा. प्रयोगशाळांत याच कल्पनेने, कमी-अधिक टिकाऊ निळ्या रंगांत रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या शेजारी ठेवून टिकाऊपणाला एक ते आठ क्रमांक देतात. तुमच्या पट्टीला क्रमांक नसला तरी कोणती पेन्सिल चेहऱ्यावर वापरायची नाही एवढे ती नक्की सांगेल. शिक्षकांनी मनावर घेतले तर वर्षभराचा चांगला प्रकल्प होईल. वर्गातल्या सगळ्या पेट्या तपासून होतील.

माझ्या खिडकीत सध्या अशा बारा पट्ट्या आहेत. आजीच्या गालांसाठी वापरलेल्या गुलाबी पेन्सिलीचा चौकोन पहिल्या पावसाळ्याच्या आधीच निम्मा विटला. गेरूच्या रंगाच्या पेन्सिलीचा झाकलेला आणि उघडा भाग मला अजून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून आता लालीसाठी गेरूच्याच दोन छटा आणि टिकाऊपणाची खूण असलेली एक लाल पेन्सिल, असा बेत केला आहे. समोर बसायला आजी नाही. पुढ्यात ते विटलेले चित्र आहे आणि पुठ्ठ्याखालून निघालेला मानेचा बोटभर पट्टा आहे. काळ्या पुठ्ठ्याच्या भोकातून तो पाहत मी रंग जुळवतो. नवे चित्र निम्मे झाले आहे. या वेळी कुड्या आधी काढल्या.